बारा आण्यांचा मसाला घालतं कोण?

जुनी सायकल दुरुस्त करून रोजच्या रस्त्यावर आणायची म्हटलं की एक म्हण हमखास ऐकायला मिळते : चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. म्हण ऐकवणारा बहुधा स्वतः सायकल चालवत नसतो, पण तेवढ्यावरून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. म्हणून ते आधी नीट मांडू. तो म्हणतो, ही काळी, सळ्यांच्या ब्रेकची, वीस-बावीस किलोंची सायकल आता संपली. तिचे सुटे भाग मिळत नाहीत. मिळाले तर बसवणारा मिळत नाही. तिला गिअर नाहीत, आणि पुणं काही पेठांपुरतं सपाट राहिलेलं नाही. जिकडे जावं तिकडे उड्डाणपूल. पावसात तिचा ब्रेक लागत नाही. आणि एवढं सगळं सोसून तिच्यावर जो खर्च होतो, त्यात गिअरवाली, पुढे शॉकअप असलेली नवी सायकल हमीपत्रासकट घरी येते. हौस असेल तर जुनी भिंतीवर टांगा. चालवायला नवी घ्या.

या पाच मुद्द्यांपैकी एक पूर्ण खरा आहे, एक अर्धा खरा आहे, आणि उरलेले तीन सायकल न उघडताच केलेले आहेत.

सुट्या भागांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये टी.आय. सायकल्स, सोनिपतला १९५१ मध्ये ॲटलास, लुधियान्यात १९५६ मध्ये हीरो असे कारखाने उभे राहिले. नावं वेगळी, बिल्ले वेगळे, आणि कोणती भारी यावरून घराघरांत वादही झाले असतील. पण सगळ्यांसमोर नमुना एकच होता, इंग्लिश रोडस्टर, म्हणजे हीच काळी, सळ्यांच्या ब्रेकची सायकल. त्यामुळे एकाच्या मापाचा भाग दुसऱ्याला बसायचा. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. चेन अर्धा इंच पिचची, एक अष्टमांश इंच रुंदीची. फ्रीव्हीलचा आटा १.३७ इंच व्यासाचा, इंचाला २४ फेऱ्यांचा. बीबीत, म्हणजे पायडलचा ॲक्सल फिरतो त्या नळीत, दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा छर्रे, मागच्या हबला त्याच मापाचे नऊ-नऊ, पुढच्या हबला तीन-षोडशांश इंची दहा-दहा. ही मापं ठरवणारे केव्हाच गेले. त्यांतले काही कारखाने बंद पडले. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना तर २०२० च्या ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी थांबला. मापं मात्र थांबली नाहीत. तोच आटा आज जगभरातल्या एका गतीच्या फ्रीव्हीलना आहे, पोरं उड्या मारतात त्या बीएमएक्स सायकलींनासुद्धा. तीच चेन त्यांना लागते. कंपनी मेली तरी भाग जिवंत राहतो, तो असा.

आता याच्या शेजारी नव्याची गोष्ट ठेवा. २०१७ च्या डिसेंबरात पुणे महापालिकेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, आणि त्याच सुमाराला शहरात भाड्याच्या सायकलींची लाट आली. फोनवर कुलूप उघडायचं, चालवायची, कुठेही ठेवायची. चोरीला आळा बसावा म्हणून त्यांतले पुष्कळ भाग मुद्दाम इतर कशालाही न बसणारे केलेले होते. हेतू सफल झाला, फार सफल झाला. लाट ओसरल्यावर त्या सायकली पदपथांवर आणि झुडपांत पडून राहिल्या आणि त्यांचा कुणालाच काही उपयोग करता आला नाही. तारखेनं त्या नव्या होत्या. सुट्या भागांच्या दृष्टीनं त्या जन्मतःच भंगार होत्या. सायकल जुनी की नवी, या प्रश्नाला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही तो यामुळे. प्रश्न एवढाच विचारावा : हा भाग उद्या मोडला तर तालुक्याच्या गावातल्या दुकानात मिळेल का, आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला तो बसवता येईल का? रोजच्या सायकलीचा प्रत्येक भाग या एका कसोटीवर निवडायचा. जुन्याच्या भक्तांनीही आणि नव्याच्या भक्तांनीही.

सुटे भाग मिळत नाहीत असं सांगणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो. ते चुकीचं माप मागत असतात. दुकानात जाऊन '२८ चं टायर द्या' म्हटलं की गोंधळाला आमंत्रण दिलंच. २८ इंची म्हणवणारी दोन टायरं बाजारात आहेत. रोडस्टरचं २८ × १ १/२, मिस्त्रींच्या भाषेत अठ्ठावीस-दीड. ते ज्या रिमवर बसतं तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. आणि हायब्रिड सायकलींचं, ज्याला ७००-सी म्हणतात. त्याचा व्यास ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण एक दुसऱ्यावर कधीही बसत नाही. २६ इंचीतही तेच : लेडीज आणि एसएलआर धाटणीच्या सायकलींचं २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, आणि जाड काट्यांच्या एमटीबीचं ५५९. टायरच्या कडेला हा तीन आकडी अंक छापलेला असतो. तो वाचून जावं, किंवा सरळ जुनं टायरच हातात घेऊन जावं. ६३५ चं टायर नामशेष झालं म्हणणाऱ्यांनी हॉलंडकडे बघावं. तिथल्या आजीबाईंच्या काळ्या सायकलींनाही तेच माप लागतं, आणि श्वाल्बसारखी जर्मन कंपनी ते आजही बनवते. आपल्याकडे तर त्यासाठी परदेशी कंपनीची वाट बघायचीही गरज नाही.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. नॉटिंगहॅमहून आलेली अस्सल रॅले घरात असेल तर तिच्या बीबीच्या वाट्यांचा आटा इंचाला २६ फेऱ्यांचा असतो, बाकी बहुतेकांचा २४ चा. या वाट्या फेकल्या की संपलं. ॲक्सल बदला, छर्रे बदला, वाट्या मात्र घासूनपुसून त्याच ठेवा. उत्साही पोरगा 'सगळं नवीनच टाकू' म्हणत पाना लावेल तेव्हा त्याचा हात धरायची जागा ही.

पुढचा मुद्दा वजनाचा आणि गिअरचा. रोडस्टर जड असते यात वाद नाही. वाद आहे तो कशाच्या तुलनेत, याचा. कार्बनच्या सात-आठ किलोंच्या शर्यतीच्या सायकलीशी तिची तुलना करणारा माणूस कामावर जाण्याबद्दल बोलतच नसतो. बाजारात तिच्याऐवजी जी सुचवली जाते ती लोखंडी फ्रेमची, पुढे शॉकअप लावलेली स्वस्त एमटीबी असते, आणि ती काट्यावर ठेवली तर सोळा-सतरा किलोंच्या घरात सहज जाते. सत्तर किलोंचा माणूस धरला तर एकूण वजन एकीकडे नव्वद, दुसरीकडे शहाऐंशी. चढावर फरक पडतो तो या बेरजेचा : साडेचार टक्के. खांद्यावरच्या पिशवीत भाजी किती आहे यानंही एवढा फरक पडतो. आणि त्या चार किलोंच्या बदल्यात मिळतं काय? एक शॉकअप, ज्यात स्प्रिंग आहे पण तिचं उसळणं आवरणारं काही नाही, त्यामुळे चढावर उभं राहून पायडल मारलं की पायातला काही जोर ती स्प्रिंगच खाते. आणि काट्यांची टायरं, जी डांबरी रस्त्यावर फक्त गुणगुणतात. रोडस्टरचा पुढे वाकलेला लांब चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), मोठं चाक आणि स्प्रिंगांची सीट हे तिचं शॉकअप; खड्ड्यात मोठं चाक कमी बुडतं, आणि पुण्याच्या खड्ड्यांबद्दल मी वेगळं काही सांगायला नको.

गिअर हवेत, हे मान्य. पण एकवीस नकोत. पुढे तीन आणि मागे सात चक्रांच्या स्वस्त संचात निम्मे गिअर एकमेकांची नक्कल असतात. ४२ दात्यांच्या चक्रावरून २८ दात्यांवर गेलेली चेन आणि ३४ वरून २४ वर गेलेली चेन यांत पायाला फारसा फरक कळत नाही. शिवाय तो संच तोलून धरणारा मागचा हात सायकल उजव्या कुशीवर एकदा पडली की वाकतो, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल उजव्या कुशीवर पडणं ही रोजची घटना आहे.

रोडस्टरवर काय करायचं ते हिशेबानं सांगतो. कारखान्यातून ती बहुधा पुढे ४४ दाते, मागे १८ अशी येते. पायडलच्या एका फेरीत चाक सुमारे २.४४ वेळा फिरतं आणि सायकल जवळजवळ साडेपाच मीटर जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी साडेएकोणीस किलोमीटर. सपाट, मोकळ्या रस्त्याला हे छान आहे. हा गिअर ठरला तेव्हा रस्ते तसेच होते. आता मागचं फ्रीव्हील काढून २२ दात्यांचं बसवा. एका फेरीत साडेचार मीटर, ताशी सोळा किलोमीटर. वेग साडेतीन किलोमीटरनं उतरला, पण त्याच चढावर पायाला लागणारा जोर अठरा टक्क्यांनी उतरला. शहरात सिग्नल आणि गर्दी धरून सायकलचा सरासरी वेग पंधराच्या वर क्वचित जातो, म्हणजे गमावलेला वेग मुळात आपल्याजवळ नव्हताच. मिळालेली अठरा टक्के सवलत मात्र प्रत्येक उड्डाणपुलावर कामी येते. चांदणी चौकाचा चढ तरीही उतरून चढावा लागला तर लागला. त्यात अब्रू जात नाही. एवढा बदल एका भागाचा, आणि चेन एका जोडकडीनं लांब घ्यायची. ज्याला याहून जास्त हवं त्यानं हबच्या आतला तीन गतींचा गिअर शोधावा. स्टर्मी-आर्चरचा ए-डब्ल्यू हब १९३६ पासूनचा : मधली गती सरळ, खालची पंचाहत्तर टक्के, वरची एकशेतेहतीस. सगळं यंत्र हबच्या पोटात, चिखलापासून दूर. तो मिळाला तर नशीब, पण माझ्याच कसोटीवर तो नापास होतो. आत काही बिघडलं तर कोपऱ्यावरचा मिस्त्री तो उघडणार नाही. म्हणून मी आधी फ्रीव्हीलच सांगतो.

आता खर्च. इथे मसाल्याचा हिशेब मांडायलाच हवा, कारण म्हण खरी ठरते ती इथेच, आणि ती खरी ठरवणारे लोक आमच्याच बाजूचे आहेत.

रोज चालवायच्या सायकलीत झिजतं काय? टायर, ट्यूब, चेन, फ्रीव्हील, छर्रे, कोन, ब्रेकचे रबर, कॉटर पिना. यांतला एकही भाग दुर्मीळ नाही आणि एकही महाग नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला तेव्हा नवी घ्या म्हणणाऱ्यांनी त्याचा बराच दाखला दिला. सुट्या भागांवरचा करही त्याच दिवशी तेवढाच उतरला, हे सांगायचं मात्र राहिलं. मग बिल फुगतं कशानं? सायकल सँडब्लास्टिंगला जाते, अंगावरचा भट्टीचा मूळ रंग खरवडला जातो, पावडर कोटिंग होतं, त्यावर सोनेरी रेघा. हँडल, रिमा, क्रँक सगळं पुन्हा क्रोम, ज्याच्या सांडपाण्यातलं सहासंयुजी क्रोमियम कुणाच्या विहिरीत उतरतं ते कुणी विचारत नाही. मग बर्मिंगहॅमच्या ब्रूक्सची चामड्याची सीट, तीही मूळ धाटणीची. मग पितळी घंटा, मग जुन्या ल्युकासच्या दिव्यासाठी महिनोन्‌महिने शोध. एवढं झाल्यावर ती सायकल पावसात काढायला जीव होत नाही. ती दिवाणखान्यात किंवा कॅफेच्या भिंतीवर जाते, आणि तिच्याखाली कॉफी पीत कुणीतरी तीच म्हण ऐकवतं.

हा मसाला सायकलीनं मागितलेला नव्हता. संग्रहाला माझा विरोध नाही. कर्वेनगरातल्या सायकल संग्रहालयात जाऊन बघा. जुन्या वस्तू जपायची जागा म्हणजे काय ते तिथे कळतं, आणि तिथल्या वस्तूंनी मूळ रूपातच राहावं हेही पटतं. विरोध आहे तो रोजच्या सायकलीला संग्रहालयाचे नियम लावण्याला. 'ओरिजिनल' भागाचा आग्रह धरणारे गृहस्थ चाळीस वर्षं माळ्यावर पडलेलं न वापरलेलं टायर शोधून आणतात आणि अभिमानानं चढवतात. रबर पडून राहिलं तरी म्हातारं होतं. त्याच्या कडांना बारीक भेगा पडतात आणि ते फुटतं ते भर रस्त्यात. असं टायर काचेच्या कपाटात शोभतं. रॅलेच्या चक्रात बगळा कोरलेला असतो, ते चक्र जरूर ठेवा. पोलादाचं आहे, दाते झिजले नसतील तर आणखी दोन पिढ्या चालेल. पूर्ण बंद चेनकव्हर तर मी कुणालाही काढू देणार नाही. ते काढून सायकल 'स्पोर्टी' करायची फॅशन आहे, पण पावसाळ्यात चेन कोरडी ठेवणारी आणि साडी, धोतर, पँट तिन्ही वाचवणारी वस्तू तेवढी एकच आहे. म्हणजे मूळ भाग ठेवायचा तो मूळ आहे म्हणून नव्हे, अजून कामाचा आहे म्हणून.

पैसा घालायचा तर कोणत्या क्रमानं, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. सर्वांत आधी माप. फ्रेम २२ इंची की २४ इंची, आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिलं की आडवी दांडी खाली राहते का? आजोबांची सायकल नातवाला उंच होत असेल तर ती नातवानं चालवायची नाही, मग भावना कितीही दाटून येवोत. तिथे दुरुस्तीचा विचार सोडावा. माप जमलं तर चिमटा. तो बाहेर काढून त्याची दांडी, म्हणजे फ्रेमच्या आत लपलेला भाग, नीट बघायचा. गंजानं खाल्ला असेल किंवा मुकुटाजवळ केसाएवढी चीर दिसली तर नवा चिमटा. तो महाग नाही, आणि सायकलीचा कोणता भाग तुटला तर सर्वांत वाईट, याचं उत्तर चिमटा हेच आहे. मग बीबीजवळचे आणि मागच्या टोकांजवळचे जोड. जोडावर चीर असेल तर पोलादाच्या नळ्यांना पितळी झाळ लावून काम होतं, तेही जाणत्याच्या हातानं. त्यानंतर चेन. ती मोजायला घरातली फूटपट्टी पुरते : नव्या चेनच्या बारा कड्यांच्या जोड्या बरोबर बारा इंच भरतात. सव्वाबाराच्या अर्ध्या वाटेवर, म्हणजे एक अष्टमांश इंचानं वाढल्या असतील तर चेन गेली आणि बहुधा फ्रीव्हीलही गेलं. नव्या फ्रीव्हीलवर जुनी चेन किंवा नव्या चेनला जुनं फ्रीव्हील, हा काटकसरीतला सगळ्यात महाग प्रकार. मग छर्रे, ग्रीस, टायरं. रंगाचा क्रमांक शेवटचा, आणि बऱ्याचदा तो येतच नाही. जुन्या भट्टीच्या रंगाला तेलाचा हात दिला की पुरतं, आणि झगमगाट नसलेली सायकल चोरही फार निरखून बघत नाहीत.

आता तो मुद्दा, जो पूर्ण खरा आहे : ब्रेक. सळ्यांच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला दाबतात. याचा फायदा असा की चाकाला थोडा आउट असला, म्हणजे ते जरा डुलत फिरत असलं, तरी ब्रेक अडखळत नाही, आणि कोरड्या रस्त्यावर आपल्या वेगाला तो पुरतो. पण पोलादाची क्रोम केलेली रिम ओली झाली की तिच्यावर रबर नुसता घसरतो, आणि थांबायला लागणारं अंतर कित्येक पटींनी वाढतं. जून ते सप्टेंबर ही गोष्ट महाराष्ट्रात रोजची. 'आमचे वडील चाळीस वर्षं याच ब्रेकवर फिरले' हे उत्तर मी स्वीकारत नाही. वडील फिरले तेव्हा पुढची मोटार अशी अचानक थांबत नव्हती, कारण पुढे मोटार नव्हती.

उपाय मात्र सायकल टाकून देणं हा नाही. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं, कारण ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं. मग फक्त पुढचं चाक बदला. मूळ हब ३२ तारांचा आहे, आणि ३२ भोकांची ॲल्युमिनियमची ७००-सी रिम आता हायब्रिड सायकलींमुळे शहरात सहज मिळते. तोच हब, नवी रिम, नव्या लांबीच्या तारा. ॲल्युमिनियमवर ओल्यातही रबर धरतो. नव्या रिमची त्रिज्या साडेसहा मिलिमीटरनं कमी, म्हणून लांब हातांचा कॅलिपर ब्रेक घ्यायचा. चिमट्याच्या मुकुटात आरपार भोक नसेल तर घरी ड्रिल चालवू नये. चिमटा तपासताना बदलायची वेळ आलीच तर तो कॅलिपर बसणाराच घ्यावा. ट्यूब दोन्ही चाकांना एकच चालते. मागे ४० तारांच्या ॲल्युमिनियम रिमा शोधत बसू नका. मागचं चाक आणि मागची सळई राहू द्या, तिथे तिचं काम भागतं. पुढे कॅलिपर आणि मागे सळई हे पाहून जुन्याचे भक्त कपाळाला हात लावतील. लावू देत. काढलेली रिम आणि सळ्या पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. पुढेमागे कुणाला मूळ रूप हवंसं वाटलं तर सगळं तिथे आहे.

ज्यांना एवढंही करायचं नसेल त्यांनी निदान पावसाळ्यात चामड्याचा थर असलेले ब्रेकचे गुटके बघावेत. इंग्लंडातल्या ओल्या हवेसाठी आणि पोलादी रिमांसाठीच ते निघाले होते. ते नाही मिळाले तर जून ते सप्टेंबर उतारावर पाय जमिनीजवळ आणि वेग हातात ठेवावा.

राहता राहिला तो अर्धा खरा मुद्दा, मिस्त्रीचा. आउट काढणारे, छर्रे मोजून भरणारे, कॉटर पिन कानसून बसवणारे लोक कमी झाले हे खरं. पुण्यात एके काळी चौकाचौकात सायकल भाड्यानं देणारं दुकान होतं आणि त्याच्याच ओट्यावर मिस्त्री. तो ओटा आता मोबाइलच्या कव्हरांनी भरलाय. पण पुण्याबाहेर चित्र वेगळं आहे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना सरकारनं सायकली दिल्या. साध्या, एका गतीच्या, कोणत्याही मिस्त्रीला उघडता येणाऱ्या. त्या दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या बाजारात असतो, कारण काम आहे म्हणून तो आहे. त्या मुलीच्या सायकलीची चेन आणि माझ्या रोडस्टरची चेन एकच. गिअर आणि डिस्क ब्रेक लावलेली सायकल तिच्या हाती दिली असती तर पहिल्या पावसाळ्यानंतर ती गोठ्यात पडली असती.

शहरात मिस्त्री का उरला नाही, याचं उत्तर देताना कॉटर पिनेचं उदाहरण घेतो. क्रँक ॲक्सलला धरून ठेवणारी ही बोटभर पाचर. ती सैल झाली की पायडलच्या प्रत्येक फेरीला टक्क असा आवाज येतो आणि लोक बीबी गेली समजतात. पिन नीट बसवायची तर तिचा उतार कानशीनं ॲक्सलच्या खाचेला जुळवावा लागतो. क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा आधार देऊन ती हातोड्यानं ठोकून बसवायची, नट फक्त ती निसटू नये म्हणून. नटानं ओढून बसवली तर आटा जातो. डावी आणि उजवी पिन उलट दिशांनी घालायची, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. मऊ लोखंडाची स्वस्त पिन घेतली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टक्क. वस्तू काही रुपयांची, काम अर्ध्या तासाचं, आणि त्यासाठी लागणारा हात वर्षानुवर्षांचा. आपण त्या हाताला किती देतो? पंक्चरच्या भावाच्या दुप्पट सांगितले तरी 'एवढे?' म्हणतो. आणि मोटारीच्या सर्व्हिसिंगला आपणच अंदाजपत्रकावर न वाचता सही करतो.

मिस्त्री उरले नाहीत म्हणून जुनी सायकल नको, असं म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं : शेवटचं पूर्ण ओव्हरहॉलिंग त्यांनी कोणाकडून करून घेतलं, आणि त्याला पैसे देताना किती घासाघीस केली.